दुपारची लाईट

भुसावळ, १२ जानेवारी २०२५

चि. हेमांगीस अनेक आशीर्वाद.

पत्र मुद्दाम तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकतोय. शिपायाने सगळ्यांसमोर हातात दिलं तर विम्याचं आहे म्हणून सांग. घरी पाठवलं असतं तर तुझ्याआधी तुझ्या सासऱ्यांनी वाचलं असतं. दुसऱ्याचा कागद दिसला की त्यांना चष्मा बरोबर सापडतो.

परवा तुझ्या आईच्या फोनवरून लावला. मी अजून हॅलोसुद्धा म्हटलं नव्हतं, नुसता श्वास घेतला, आणि तू ठेवून दिलास. कान बापाचे घेतलेस, एवढं नक्की.

तुझ्या तब्येतीचं आईकडून कळतं. चिंच मागतेस म्हणे. माग, पण रस्त्यावरची नको.

तू रागावलीस ती त्या रविवारच्या संध्याकाळवरून. शिरपूरच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर फौजदाराने विचारलं तेव्हा नवीनशेठ बोलले, पंडित बोलला, आणि मी म्हटलं, "साहेब, आज माझं डोकं ठिकाणावर नाही, नंतर सांगतो." तू फोनवर म्हणालीस, "नाना, एक 'हो' म्हणायला एवढं जड गेलं तुम्हाला? मला ह्या घरात राहायचंय." मग फोन बंद.

म्हणून म्हटलं, निदान तो दिवस तरी तुला नीट सांगावा. तू फक्त त्याची संध्याकाळ ऐकलीस. दिवस फार चांगला होता, पोरी.

आम्हा तिघांची भरीत पार्टी दर पौषात ठरलेली. मी, दीपनगरच्या पॉवर स्टेशनातून रिटायर झालेला पंडित, आणि नवीनशेठ. ते तुझे सासरे व्हायच्या कितीतरी आधीपासून माझे मित्र. मी पत्र्याच्या टपरीत जळक्या मोटरींत नवी तार भरायचो, आणि ते धुळ्याहून टेम्पोत मोटर टाकून माझ्याकडे यायचे. न उघडता नुसत्या आवाजावरून मोटरीचं दुखणं सांगणारा खान्देशात तेव्हा मीच होतो, असं ते चारचौघांत सांगायचे. त्या सांगण्यावर माझं दुकान उभं राहिलं, हेही खरं.

यंदा पार्टी त्यांच्या शिरपूरकडच्या मळ्यात. वांगी मी बामणोदहून नेली. पांढरट हिरवी, काखेत धरावीत एवढी. वांगं कानाशी धरून टिचकी मारली की आत बी झालंय का ते कळतं. पंडित म्हणाला, "बघा, मोतीलालभाऊ वांग्याचीबी नाडी बघतो."

मळा तू पाहिलायस, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. तिथला सालदार सिंगा आणि त्याची बायको दगडीबाई, वरच्या पाड्यातली माणसं, वर्षाच्या बोलीवर राहतात. दगडीबाईने सकाळीच कपाशीच्या काड्यांचा जाळ केला होता. वांगी त्यात टाकली की साल तडकते आणि आतला रस जाळावर पडून चुर्रर्र होतो, तो वास अर्ध्या कोसावर जातो. एकीकडे तिच्या कळण्याच्या भाकरी चालल्या होत्या. पंडितने ढोलकी काढली, मी गळा साफ केला. दोन गौळणी झाल्या. दगडीबाई भाकरी उलटता उलटता पंडितला म्हणते, "भाऊ, ढोलकी वाजाडस का भरीत कुटस?" सिंगा तोंड फिरवून हसला. नवीनशेठ इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग नवीनशेठच म्हणाले, "तूच म्हण मग एक." ती लाजली नाही. चुलीकडे तोंड करून तिच्या बोलीतलं काहीतरी म्हणाली. शब्द मला कळले नाहीत. सूर असा होता, जसा कोणी टेकडीवरून खाली येतोय आणि वाटेत कुठेच थांबत नाही. पंडितचा ठेका चुकला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मग दुपारी लाईट आली, साऊंड बॉक्स लागला, आणि त्यानंतरचं तुला माहीत आहे. दगडीबाई कुंपणाच्या तारेला चिकटली.

भरीत कोणी खाल्लं नाही. कुटायच्या लाकडी बडगीत तसंच राहिलं.

तुझे नाना

भुसावळ, २ फेब्रुवारी २०२५

चि. हेमांगी,

उत्तर नाही, तरी लिहितो. मोटर चालू होत नाही म्हणून कोणी वायंडिंग सोडून देत नाही.

सिंगाला अटक झाल्याचं पेपरात वाचलं असशील. 'रानडुकरांसाठी तारेत वीजप्रवाह सोडला, पत्नीचाच बळी.' चार ओळी, पान पाचच्या खाली. बायकोची राख सावडायलाही त्याला पोलीस सोबत देऊन नेलं. त्यांची पोर रोहिणी वर पाड्यात मावशीकडे आहे.

तुझ्या घरात जे बोललं जातंय ते मला माहीत आहे, कारण पंडितकडून तेच माझ्याकडे येतं. शेठने कुंपणाला झटका मशीन बसवलं होतं. ते बॅटरीवरचं, सरकारमान्य. त्याने जनावर दचकतं, मरत नाही. ते काढून सिंगाने मनानेच थेट लाईनची तार जोडली, डुक्कर मारून खायला. शेठला काही पत्ता नाही. असं सगळं.

गोष्ट चांगली जुळवलेली आहे. ऐकायला कुठे खरखर नाही.

पोलिसांचा मला दोनदा निरोप आला. मी सुरतेला तांब्याची तार आणायला गेलोय असं कळवलं. तांब्याची तार भुसावळात आपल्या गल्लीच्या टोकाला मिळते हे पोलिसांनाही माहीत असेल. पण माणूस टाळतोय हे ज्याला कळतं तो थोडा थांबतो. मी तुझ्यासाठी टाळतोय, हेमांगी. दुसऱ्या कोणासाठी नाही.

तुझी आई डिंक निवडत बसलीय. बाळंतपणाला अजून किती अवकाश, तरी तिचं सुरू झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात तिला कोणी आडवं आलेलं चालणार नाही. माळ्यावरून तुझा जुना पाळणा काढायला लावला मला. कड्यांना तेल दिलं. करकर गेली.

तुझे नाना

भुसावळ, २६ फेब्रुवारी २०२५

चि. हेमांगी,

आज शिवरात्र. दुकान अर्धा दिवस होतं. तुझे सासरे येऊन गेले. तुला सांगून आले असतील किंवा नसतील, म्हणून काय बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहितो. आपल्या दोघांत त्यांची गोष्ट मी फिरवून सांगितली असं व्हायला नको.

गाडी बंद झाल्यावर ते बराच वेळ आत बसून होते. मग आले. खजुराचा पुडा पुढे केला.

"व्याही, उपास ना?"

"उपास कसला, आज दिवसभर चहाच चाललाय. बसा."

बसले. माझ्या टेबलावरची जळकी मोटर उगीच हाताने फिरवून पाहिली. "काय बिघडलंय हिचं?"

"बेरिंग. पण मालक म्हणतो, कामगाराने पाडली."

ते हसले. आमची दोस्ती अशी आहे की टोमणा बसला तरी माणूस आधी हसतो. मग म्हणाले, "मोतीलालभाऊ, तुम्ही काही बोलू नका असं मी म्हणत नाही. तुम्ही फक्त म्हणा, गाणं मोठ्याने चालू होतं, काही ऐकू आलं नाही. खोटं आहे का? मोठ्याने होतंच ना?"

"होतं."

"मग झालं. सिंगाचं मी बघतो. वकील मी देतो त्याला. पोरीला आश्रमशाळेत घालतो. दीड-दोन वर्षांत बाहेर येईल, मळा त्याचाच आहे, पुन्हा ये म्हणेन. मी आत गेलो तर काय होईल? दुकानावर स्वप्नील एकटा, तुमचा जावई. बीबियाण्याचं लायसन जाईल. ह्या घरात तुमचीच पोरगी आहे."

मी मोटर बाजूला सरकवली.

"आखाजीच्या सणाला हेमांगी येईल ना इकडे? आणि बाळंतपण भुसावळलाच ठरलंय, वहिनी डिंकही आणून बसल्यात म्हणे. माझी काही हरकत नाही. सून असली तरी पोरगी आपली दोघांची. दोन्ही घरं धड असली म्हणजे पोरीला जायला-यायला रस्ता राहतो."

हे त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं. हात गरम होता, आवाजात काही वावगं नव्हतं. एखाद्याने बाहेरून ऐकलं असतं तर म्हटलं असतं, केवढा समजूतदार व्याही.

मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. काच खाली करून म्हणाले, "मी मुद्दाम केलं नाही, भाऊ." हे त्यांनी वेगळ्या आवाजात म्हटलं. हे खरं आहे. ते त्या दिवशी रडले ते खोटं नव्हतं, अंगावरची शाल त्यांनीच काढून तिच्यावर टाकली, हेही मी पाहिलंय.

पंडितला विचारलं, तू काय ऐकलंस. तो म्हणाला, "मोत्या, माझा पोरगा त्यांच्या दुकानात कामाला. मला ढोलकीशिवाय काही ऐकू येत नाही." चाळीस वर्षं दीपनगरच्या टर्बाइनजवळ उभं राहून त्याचा डावा कान खरंच गेलाय. उजवा चांगला आहे.

तू एक पोस्टकार्ड टाकशील का? नुसतं 'पोचलं' एवढं.

तुझे नाना

भुसावळ, ३० मार्च २०२५

चि. हेमांगी,

पाडव्याची गुढी उतरवली आणि लिहायला बसलो. पुढच्या आठवड्यात शिरपूरला न्यायाधीशांसमोर माझा जबाब आहे. तो मी देणार आहे. कोर्टात सांगण्याआधी तुला सांगतोय, म्हणजे तुला दुसऱ्याकडून कळायला नको.

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, हे त्या भागातल्या शेळ्यांनाही पाठ आहे. रात्री लाईट येते म्हणून रात्री कुंपणाच्या जवळ कोणी जात नाही. दिवसा ती तार म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. दगडीबाई तिच्यावर लुगडं टाकायची. पलीकडच्या नाल्याजवळ काड्यांचा ढीग होता, तिकडे जायचं तर तार हाताने उचलून खालून निघायचं, हा तिचा रोजचा रस्ता.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा नवीनशेठ केळीत फिरत फोनवर बोलत होते. ते लांब होते. मला ऐकू आलं. "दुपारले दोन-तीन तास लाईट सोडा आमना फीडरवर. पाहुना शेतस, बॉक्स लावना शे." पलीकडे कोण होतं मला माहीत नाही. मला तेव्हा आनंदच झाला. बॉक्सवर म्हणायला मिळणार म्हणून.

वांगी अर्धी भाजून झाली तेव्हा पंडित म्हणाला, काड्या पुरायच्या नाहीत. नवीनशेठने दगडीबाईला सांगितलं, नाल्यावरचा एक भारा घेऊन ये. ती गेली. सिंगा तेव्हा विहिरीवर बडगी धूत होता. ती गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. शेठला माहीत होतं, कारण त्यांनीच पाठवली.

मग लाईट आली. झोपडीवरचा बल्ब लागला, विहिरीवरची मोटर आपोआप सुरू झाली, पंडितने टाळी वाजवली. शेठने बॉक्स लावला. मी माईक घेतला. सिंगा धुतलेली बडगी खांद्यावर घेऊन येत होता. बल्ब पाहून तो जागच्या जागी उभा राहिला. शेठच्या जवळ येऊन म्हणाला, "शेठ, लाईट उनी. तारना खटका पाडी येऊ का?"

शेठ म्हणाले, "आरे, दुपारले कोनतं डुक्कर येस? पहिले भरीत कुट. गरम शे तवलोंग."

बॉक्स मोठ्याने चालू होता. मी गात होतो. तरी हे दोन्ही मी ऐकलं. मला वाटलं, झटका मशीनचं बोलताहेत. शेठनेच दिवाळीत सांगितलं होतं ना, मशीन बसवलं म्हणून. त्याने माणसाला चटका बसतो, बस. सिंगाला मात्र खरं माहीत होतं. तो दोन पावलं कुंपणाकडे गेला, शेठने पुन्हा हाक मारली, आणि तो परत फिरला. बडगी खाली ठेवली, मुसळ घेतलं. मालकाने सांगितलं की हातातलं सोडून तेच करायचं, हे त्याच्या अंगात वर्षानुवर्षं मुरलेलं. पाहुण्यांसमोर तर त्याहून जास्त. शेठही काही राक्षस नाहीत. गाणं चाललंय, जाळ लागलाय, मित्र जमलेत, त्या भरात ते विसरले की आपण बाईला कुठे पाठवलंय. विसरले, एवढंच.

मला तारेचा आवाज आला तसा मी माईक टाकला आणि पळालो. आधी पेटीवरचा मेन ओढला. ओढताना पाहिलं, मशीनच्या डब्यात बॅटरीच नव्हती. कोळ्याचं जाळं होतं. कुंपणाची तार सरळ स्टार्टरमधून निघाली होती, आणि तिला शेठच्या दुकानातली पिवळी टेप गुंडाळलेली होती.

एवढं सगळं झालं ते अपघात म्हणून मी गिळलं असतं. तुझ्यासाठी गिळलं असतं. पण दवाखान्याच्या पायऱ्यांवर शेठने फौजदाराला पहिलंच वाक्य सांगितलं, "तार सिंगाने जोडली, मला माहीत नाही." सिंगा तिथेच बसला होता, भिंतीला डोकं लावून. त्याने ते ऐकलं. त्याने मान वर करून शेठकडे पाहिलंसुद्धा नाही. अजूनही कोठडीत तो बोलत नाही, असं वकील म्हणतात. ज्याने विचारलं होतं 'खटका पाडून येऊ का', तो आत बसलाय. आणि त्याने विचारलं होतं हे माहीत असलेली माणसं जगात तीन. एक तो. एक शेठ. एक मी.

तुला वाटेल, नानांनी परक्यासाठी लेकीचं घर पणाला लावलं. मला दुसरा रस्ता सापडला असता तर मी घेतला असता. मी आयुष्यभर आडरस्तेच शोधत आलोय, टपरीपासून दुकानापर्यंत तसाच आलो. इथे नाही सापडला.

तुझी आई तीन दिवस माझ्याशी बोलत नाही. आज गुढीला साखरेची माळ घालताना एकदाच म्हणाली, "काबरं तुमालेच ऐकू आलं?"

तुझे नाना

भुसावळ, ३० एप्रिल २०२५

हेमांगी,

आज आखाजी.

तू येणार नाहीस हे स्वप्नीलने आईला मेसेज करून कळवलं. तरी तिने कडुनिंबाला झोका बांधला. तुझ्या बरोबरीच्या गल्लीतल्या पोरी आल्यात माहेरी, त्या आळीपाळीने बसून गेल्या. गाणी म्हणाल्या. तुझी आई ओट्यावर बसून त्यांना सांजोऱ्या वाटत होती. एकीने विचारलं, हेमाताई कधी येणार? ती म्हणाली, "तिला प्रवास मना केलाय डॉक्टरने." खोटं बोलायची सवय नाही तिला. कान लाल झाले.

जबाब झाला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "बॉक्स चालू असताना, तुम्ही स्वतः गात असताना, वीस फुटांवरची दोन माणसं काय बोलली ते तुम्हाला ऐकू आलं?" मी हो म्हटलं. म्हणाल्या, "कमाल आहे." मी म्हटलं, "मॅडम, तुमच्या मागचा पंखा उद्या बंद पडेल, त्याचं बूश गेलंय." बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पंख्याकडे पाहिलं.

बाहेर शेठ होते. मी नमस्कार केला, त्यांनी केला नाही. स्वप्नील गाडीत बसून राहिला. काचेतून माझ्याकडे बघत होता. त्याच्या लग्नात मी त्याचे पाय धुतले होते.

सिंगाला जामीन मिळाला. शेठनाही मिळाला, अटकेच्या आधीच. खटला कधी उभा राहील ते कोणी सांगू शकत नाही.

तू उन्हात शाळेत जाऊ नकोस. सुट्टी लागली असेल आता. म्हणजे हे पत्र तुला जूनमध्येच मिळेल. मिळू दे.

नाना

भुसावळ, २७ जुलै २०२५

हेमांगी,

मुलगी झाली हे पंडितने सांगितलं. धुळ्यातच झाली. दोघी सुखरूप आहात हेही त्यानेच सांगितलं. तू रजेवर असशील, तरी पत्र शाळेतच टाकतोय, तिथलं कोणी बाळाला बघायला येईल ते आणून देईल. तुझी आई देवासमोर दिवा लावून बसली, आणि मग उठून डिंकाचे लाडू डब्यात भरायला लागली. डबा कोणाच्या हाती द्यायचा ते तिला सुचेना. पंडितच्या हाती पाठवलाय. डबा परत आला नाही तर मिळाला असं समजू.

पंडित निरोपही घेऊन आला होता. तो बिचारा खाली बघून बोलला. शेठ म्हणतात, खटला उभा राहील तेव्हा मोतीलालभाऊंनी कोर्टात एवढंच म्हणावं, वय झालं, तेव्हा काय ऐकलं ते आता खात्रीने सांगता येत नाही. एवढ्याला हो म्हणत असतील तर बारशाला दोघांनी यावं, बाळाला मांडीवर घ्यावं, झालं गेलं विसरू. नाही तर येऊ नये. हेमांगीचंही हेच म्हणणं आहे, असं तो म्हणाला. मी त्याला विचारलं, "तू तिच्या तोंडून ऐकलंस?" तो म्हणाला, "घरात सगळेच बोलत होते." मी पुढे विचारलं नाही.

मी रात्रभर विचार केला. खरं सांगतो, मी जवळजवळ हो म्हणणार होतो. शेठ काय मागतात? शपथेवर खोटंही नाही, नुसतं 'खात्री नाही'. बासष्ट वर्षांच्या माणसाला खात्री नसणं हा काही गुन्हा नाही. तुझ्या मुलीचा आवाज कसा आहे हेसुद्धा मला माहीत नाही अजून.

सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर सिंगा बसला होता. तारखेला शिरपूरला आला होता, तिथून एसटीने भुसावळला आला. वाळलाय. मी चहा मागवला. त्याने घेतला नाही. माझे आभार मानायला आला असेल असं वाटलं. तसं काही नव्हतं. तो भिंतीवर टांगलेल्या कॉइलींकडे बघत बसला. मग म्हणाला,

"भाऊ, तुमना कान भारी शेतस, आसं बठ्ठा म्हंतस."

"म्हंतस खरं."

"मी तठेच व्हतू. माले काहीच ऐकू नही उनं. बॉक्स व्हता, मुसळना आवाज व्हता." मग टांगलेली एक कॉइल हाताने सरळ केली. "ती काही बोलनी का?"

मी म्हटलं, "नही रे सिंगा. काहीच नही. लगेच गयी ती."

त्याने मान हलवली. दोनदा. उठला, चप्पल घातली आणि गेला. चहा तसाच.

मी तुला मार्चमध्ये लिहिलं की तारेचा आवाज ऐकून पळालो. कोर्टातही तेच सांगितलं. तारेला आवाज नव्हता, हेमांगी. तिने हाक मारली. 'सिंगा' म्हणून. त्यांच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, एरवी ती 'रोहिणीचा बाप' म्हणायची. तिने नाव घेतलं, आणि मग पुन्हा घेतलं, दुसऱ्यांदा हळू. तो बॉक्सला पाठ करून, मान खाली घालून आमच्यासाठी भरीत कुटत होता. हे मी त्याला कसं सांगू? आयुष्यभर त्याच्या कानात ते राहील. म्हणून ते माझ्याच कानात राहू दिलंय. आज तुला सांगितलं. आईला सांगितलेलं नाही.

तेव्हा मला खात्री नाही, असं मी म्हणू शकत नाही. शेठना तसं कळवलंय, पंडितच्याच हाती. बारशाला मी येणार नाही.

तुझी आई येईल. तिने काही ऐकलेलं नाही, तिचा ह्यात काही संबंध नाही. तिला दारातून परत पाठवू नका. एकटीने तिला धुळ्याला येता येत नाही, म्हणून मी सोबत असेन. तिला रिक्षात बसवून देईन आणि ती परत येईपर्यंत स्टँडवर थांबेन.

नाना